छोट्या कुत्र्याचं खुब्याचं ऑपरेशन: घरात आधी काय तयार हवं

सामान आणायच्या आधी डॉक्टरांना एक विचारून घ्या: ऑपरेशन नेमकं कोणतं? छोट्या कुत्र्यांत बऱ्याचदा मांडीच्या हाडाचा वरचा गोळा त्याच्या मानेसकट कापून काढतात आणि त्या जागी काहीच बसवत नाहीत. हळूहळू तिथे चिवट तंतूंचा थर तयार होतो आणि स्नायूंच्या आधारावर पाय चालू लागतो. अंगात वजनच कमी, म्हणून छोट्यांना हे चांगलं झेपतं. पण पाय वापरला नाही तर ती जागा आखडते आणि मांडी सुकते. निखळलेला सांधा परत बसवला असेल किंवा कृत्रिम सांधा घातला असेल, तर मात्र कडक विश्रांती लागते. पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

आदल्या आठवड्यात नखं कापा, पंज्याच्या गाद्यांमधले केस काढा आणि एकदा अंघोळ घाला. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण 10 ते 14 दिवस, अंघोळ नाही. फरशी गुळगुळीत असेल तर पाण्याच्या भांड्यापासून झोपायच्या जागेपर्यंत न घसरणाऱ्या चटया अंथरा. माझ्या मते घरातली सगळ्यात मोठी तयारी हीच, कारण एकदा पाय सटकला की कुत्रं तो टेकायलाच घाबरतं. सोफा आणि जिना अडवून ठेवा. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात ती शंकूसारखी प्लॅस्टिकची कॉलर आधीच आणून रोज थोडा वेळ घाला. ऑपरेशनच्या दिवशी ती पहिल्यांदा दिसली तर दारंखिडक्यांवर आपटत फिरेल. त्याला कुशीवर झोपवून मागचा पाय हातात घेण्याचीही सवय लावा, पुढे रोज कामी येते.

आदल्या रात्रीनंतर खाणं बंद ठेवायला सांगतात. पिल्लू किंवा अगदीच चिमुकलं कुत्रं असेल तर किती तास उपाशी ठेवायचं ते विचारूनच ठरवा. त्यांची साखर पटकन उतरते.

घरी आणताना जाड टॉवेल न्या. पाय चांगला वरपर्यंत भादरलेला असतो, ते बघून दचकू नका. पहिली रात्र भुलीच्या गुंगीतली कुरकुर चालते. शी दोन दिवस झाली नाही तरी चालेल. शू दिवसभर झाली नाही तर फोन करा. वेदनेचं औषध पोटात अन्न असताना, ठरल्या वेळीच द्या. उलट्या, काळी शी किंवा खाणं सोडणं दिसलं तर पुढचा डोस देऊ नका, आधी विचारा. माणसांच्या पेनकिलर त्याला विषारी ठरू शकतात, चुकूनही देऊ नका. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून पहिले दोन-तीन दिवस 10 मिनिटं, दिवसातून तीनदा. जखमेतून पू आला, घाण वास आला किंवा सूज वाढत गेली तर थांबू नका.

आता खरं काम. डॉक्टरांनी होकार दिला की पट्टा लावून पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या, अगदी सावकाश. सावकाशवर माझा जोर आहे, कारण छोटी कुत्री तीन पायांवर इतकी झकास पळतात की चौथ्याची आठवणच राहत नाही; गती कमी केली की तो आपसूक टेकतो. एक-दोन आठवड्यांत बोटं टेकायला लागतात. पाय हलक्या हाताने मागेपुढे हलवणं डॉक्टरांकडून किंवा फिजिओकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. दुखलं की तिथेच थांबायचं. पोहणं टाके निघाल्यावर. खाणं मोजून द्या, खाऊसकट, कारण या दिवसांत वजन चढतं. नीट चालायला दीड ते तीन महिने धरा, मांडी भरायला त्याहून जास्त.

एक काम ऑपरेशनच्या आदल्याच दिवशी उरकायचं: दोन्ही मांड्यांचा घेर शिंप्याच्या टेपने मोजून लिहा आणि चालतानाचा मागून एक व्हिडिओ काढा. सहाव्या आठवड्यात "काहीच फरक नाही" असं वाटतं, तेव्हा तो जुना व्हिडिओ लावून बघा.