शीट म्हणजे शीड नव्हे

पालनौकेवर ‘शीट ओढ’ ऐकून नवखा माणूस कापडाला हात घालतो. शीट हा दोर आहे. शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला, म्हणजे क्ल्यूला, किंवा बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला, बांधलेला. शीड वाऱ्याशी किती कोन करणार हे तोच ठरवतो. शीड वर चढवतो तो हॅलयार्ड. या दोघांत गल्लत नको.

जिबला, म्हणजे पुढच्या शिडाला, दोन शीट, डावी आणि उजवी. क्ल्यूला बोलाइन गाठ, म्हणजे न आवळणारा फास, मारा. मोकळ्या टोकाला आठाची गाठ, पुढे वीतभर शेपूट सोडून. नाहीतर शीट पुलीतून सटकते आणि जिब फडफडत सुटते. विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या ढोलावर, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आधी दोनच वेढे. ताण आला की तिसरा-चौथा. सुरुवातीलाच चार घातले तर वेढ्यावर वेढा चढून दोर अडकतो, आणि भरल्या वाऱ्यात तो सोडवणं म्हणजे बोटांशी खेळ.

आता ट्रिम, म्हणजे शीड वाऱ्याला जुळवणं. शिडाची पुढची कड थरथरेपर्यंत शीट ढिली सोडा, मग थरथर थांबेल इतकीच ओढा. बहुतेक जण इथे जास्त ओढतात: होडी कलते, वेग मात्र पडतो. शिडावरचे लोकरीचे धागे बघा. वाऱ्याकडचा उडाला तर ओढा, आडोशाचा उडाला तर सोडा.