वीज आषाढाची मोजा, पाणी वैशाखाचं

लांज्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, आमचं बारा बाय अठराचं चिऱ्याचं घर, पुढे सहा फुटी पडवी. विजेचा खांब फार लांब, म्हणून त्याचा नाद सोडला नि सौर पॅनलवर भागवायचं ठरवलं. गवंड्याने आल्या आल्या विचारलं, "काकी, खिडक्या किती?" खिडक्या नंतर. आधी वही घ्या.

मी विजेचा हिशेब मे महिन्यातल्या उन्हावर केला. आषाढ लागला नि रात्री आठलाच इन्व्हर्टर केकाटायला लागला. आता असं मोजते: ९ वॉटचे ३ बल्ब ५ तास, ३० वॉटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा १० तास, मोबाइल-लॅपटॉपचे १५० धरले की दिवसाला साधारण ६०० वॉट-तास. ढगाळ दोन दिवस काढायचे तर १२००. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून दुप्पट, २४०० धरून १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची घ्या (१२ गुणिले २००). आषाढात ऊन दोनच तासांचं समजा. वाटेतली तूट धरून पॅनल ४०० वॉटचं लागतं. फ्रिज या हिशेबात बसत नाही, आम्ही ठेवलाच नाही.

खरा चोर इन्व्हर्टर. काही चालू नसतानाही माझा १५ वॉट खायचा, म्हणजे चोवीस तासांत ३६० वॉट-तास! म्हणून त्याला वगळून बल्ब-पंखा थेट बॅटरीच्या १२ व्होल्टवर घेतले. वायर मात्र जाड लागते. पॅनल कौलांवर चढवू नका. अंगणात लोखंडी घोडा करा, तोंड दक्षिणेला, कल १७ अंश, म्हणजे फडक्याने पुसताही येतं. आंब्याच्या कलमाची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर जरी आली, तरी वीज धाडकन उतरते.

पाणी उलटं, आषाढात उदंड नि वैशाखात टंचाई. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं छप्पर ३० चौरस मीटरचं, त्यामुळे १०० मिलिमीटरच्या एका दिवसात ३ हजार लिटर पन्हळीतून येतं. कमी पडते ती टाकी. दोघांना पिण्या-रांधण्यापुरतं दिवसाला २० लिटर. ऑक्टोबर ते मे २४३ दिवस, म्हणून ५ हजारांची टाकी. आंघोळ-धुण्याला विहीर. पहिले दोन-तीन पाऊस पाइप बाहेर वळवा, आणि टाकीत उजेड जाऊ देऊ नका, शेवाळ धरतं.

पडवी पश्चिमेला ठेवा, झड तिकडूनच येते. मंगलोरी कौलं पंचवीसेक जास्तच घ्या. वांदर विचारून येत नाहीत.

संडास दोन खड्ड्यांचा, विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब नि उताराच्या खालच्या अंगाला. एक भरला की दुसरा सुरू करायचा, भरलेला दोन वर्षं झाकून ठेवायचा. कणकवलीला गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताचं, म्हणजे मैल्यापासूनच्या खताचं, हेच काम केलं. आमचा पहिला खड्डा उघडला तेव्हा मी नाकाला पदर लावून उभी. निघाली काळी, भुसभुशीत माती, वास शून्य. ती दारच्या पायरी आंब्याच्या कलमाला घातली. जावई त्याच झाडाचे आंबे मागून नेतात. त्यांना सांगितलेलं नाही.