बर्नरची ज्योत: काजळीची आणि निळी

कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मी बावीस वर्षं सहायक आहे. दरवर्षी नवी पोरं येतात आणि पहिल्याच दिवशी परीक्षानळ्या काळ्याकुट्ट करून माझ्यापुढं ठेवतात. घासायच्या मलाच.

तर आधी बर्नरच्या, म्हणजे लॅबमधल्या गॅसच्या शेगडीच्या, नळीखालचं हवेचं भोक बघा. त्यावरची कडी फिरवून ते पूर्ण बंद करा, काडी पेटवून नळीच्या तोंडाशी धरा, मग गॅसची तोटी सोडा. उलटं केलं तर भपका उडतो. ज्योत पिवळी, डुलणारी येईल. हवा कमी पडते म्हणून गॅस अर्धवट जळतो. त्यातले कार्बनचे कण तापून चमकतात, तोच तो पिवळा रंग. पोर्सिलीनची बशी चिमट्यात धरून दोन सेकंद ज्योतीत न्या. बूड काळं, अगदी चुलीवरच्या रश्श्याच्या पातेल्यागत. या ज्योतीवर काही तापवू नका, पण काम थांबलं की हीच ठेवा, लांबूनही दिसते. निळी ज्योत उजेडात दिसत नाही. खिडकीजवळच्या टेबलावर एका पोराची बाही त्यापायीच करपली.

आता कडी हळूहळू उघडा. पिवळं टोक विरतं, घुरघुर सुरू होते, आत निळा सुळका उभा राहतो. सगळ्यात जास्त आच त्या सुळक्याच्या टोकाच्या किंचित वर. परीक्षानळी तिथं धरा. सुळक्यात खुपसू नका, आत न जळलेला गॅस असतो.

ज्योत खाली जेटवर, म्हणजे गॅस जिथून नळीत शिरतो त्या बारीक तोंडावर, उतरून फुरफुरली तर बर्नरला हात लावू नका, चटका बसेल. तोटी बंद करा, थंड होऊ द्या, भोक मिटून पुन्हा पेटवा.