उजनीच्या फुगवट्यावर आठ जणांची गळस्पर्धा

आमिषात काय कालवावं यावर गळवाले तासन्‌तास बोलतात, पण पाण्याची खोली मोजायला पाच मिनिटं देत नाहीत. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाला चरतात, रोहू मधल्या थरात आणि तळालगत फिरतो, कटला वरच्या थरात असतो. गोळा कितीही घमघमीत असो, तो चुकीच्या थरात लटकत असेल तर सकाळ वाया गेली म्हणून समजा.

जागा आणि परवानगी आधी पाहून ठेवा. धरणांतल्या मासेमारीचे हक्क सहसा मच्छीमार संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतात. ज्या काठावर बसणार तिथले हक्क सध्या कोणाकडे आहेत ते गावात विचारा आणि आठही जणांची परवानगी एकदमच घ्या. धरणाच्या भिंतीजवळ बसायचं नाही. पाण्यावर रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले तर खाली कोणाची तरी जाळी लावलेली आहे. त्या बाजूला गळ टाकू नका. भिगवण, पळसदेवच्या पट्ट्यात बुडालेल्या गावांची जोती आणि दगड पाण्याखाली आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेव्हा काठाची पाहणी करून ठेवली तर पुढच्या हंगामात गळ कुठे अडकणार ते कळतं. ओसरत्या पाण्याच्या काठावर एक धोकाही असतो: वरून वाळलेल्या, भेगाळलेल्या गाळाखाली मऊ चिखल. काठीने टोचून पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये.

दोन बैठकांत किमान १५ मीटर अंतर ठेवा आणि जागा चिठ्ठ्या टाकून वाटा. डोक्यावरून विजेची तार जात असेल ती बैठक रद्द करा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, आणि १२ फुटी रॉड मागे उचलला की तो तारेच्या जवळ जातो. ढग गडगडू लागले तर रॉड खाली ठेवून काठावरून निघायचं, स्पर्धा राहिली तरी चालेल.

सामान साधं पुरतं: १० ते १२ फुटी रॉड, मध्यम रीळ, ०.३० मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा दोरा), रोहू-मृगळासाठी ६ किंवा ८ नंबरचा गळ. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घासून तंगूस तापतो आणि मोठा मासा नेमका तिथेच तोडून जातो. रिळाचा ड्रॅग (जोराची ओढ बसली की दोरा सुटू देणारा ब्रेक) तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा: तंगूस ६ किलोचा असेल तर तंगुसाला वजनकाटा लावून ओढा, दीड ते दोन किलोला रीळ सुटू लागलं पाहिजे. हाताच्या अंदाजाने केलेला ड्रॅग बहुतेक वेळा जास्तच घट्ट असतो.

आता खोली. गळाला २०-२५ ग्रॅमचं शिसं अडकवून जिथे बसणार तिथेच टाका. फ्लोट (तंगुसावरची तरंगणारी खूण) बुडाला तर तो वर सरकवा, आडवा पडला तर खाली घ्या; नुसतं टोक दिसेल तिथे खोली बरोबर जुळली. मृगळासाठी तिथून फ्लोट आणखी ५ ते ८ सेंटिमीटर वर, म्हणजे गोळा तळाला टेकतो. रोहूसाठी अर्ध्या तासात चावा आला नाही तर गोळा तळापासून वीतभर वर घेऊन पाहा. उजवीकडे, डावीकडे आणि दोन-तीन मीटर पुढेही मोजा. तळ जिथे एकदम उतरतो त्या कडेला मासा चरत फिरतो. खोली रॉडच्या लांबीपेक्षा जास्त असेल तर सरकता फ्लोट लावा आणि दोऱ्याची गाठ मारून त्याला अडवा. शेवटी बारीक शिशाचे दाणे चिमटून फ्लोटचं फक्त सेंटिमीटरभर टोक वर राहू द्या. रोहू हळूच चोखतो; फ्लोट जड ओढला तर गोळा थुंकून टाकतो.

चारा माणशी असा धरा: शेंगदाण्याची पेंड १ किलो, भाताचा कोंडा १ किलो, शिजवलेली कणी अर्धा किलो. पेंड आदल्या रात्री भिजवा, एप्रिल-मेमध्ये मात्र पहाटेच, नाहीतर आंबते. सुरुवातीला मोसंबीएवढे सात-आठ गोळे एकाच ठिकाणी, मग दर २० मिनिटांनी एक. जास्त टाकलं की मासा चाऱ्यावरच पोट भरतो. गळावरचा गोळा पाव किलो कणीक आणि मूठभर बेसनाचा, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. त्यात कापसाचे थोडे तंतू मळले तर फेकताना सुटत नाही. फ्लोट थरथरतो तेव्हा हात आवरा; तो एका दिशेला सरकला किंवा सलग बुडाला की मनगटाने झटका द्या. टकटक टोचे येत राहिले तर ती चिलापी. तिला १० नंबरचा गळ आणि गांडूळ.

डिसेंबर-जानेवारीत थंड पाण्यात मासा सुस्त असतो, तेव्हा स्पर्धा नऊला सुरू करा. उन्हाळ्यात साडेपाच ते साडेदहा. पावसाळा टाळाच, रोहू-कटला तेव्हा अंड्यावर असतात.

भांडणं वजनावरून होतात, म्हणून नियम आदल्या दिवशी लिहून सर्वांना पाठवा: प्रत्येकाच्या सर्वांत मोठ्या तीन माशांची बेरीज, बरोबरी झाली तर मोठा मासा ज्याचा तो वर, शेवटच्या शिट्टीपूर्वी गळाला लागलेला मासा बाहेर काढायला १० मिनिटं. चिलापीचा गट वेगळा. दर चार जणांमागे एक वजन करणारा फिरता ठेवा. मासे दिवसभर जाळीत कोंडून शेवटी वजन करण्याची पद्धत उन्हाळ्यात मारक आहे, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

गळाच्या टोकाजवळचं उलटं अणकुचीदार टोक पक्कडीने आधीच दाबून टाका. हात ओले करून मासा ओल्या पिशवीत घ्या. कोरड्या हाताने त्याचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. वजनकाटा बांबूच्या तिकाटण्याला टांगा, रिकाम्या ओल्या पिशवीसकट आधीच शून्यावर आणा, मग वजन करा. ओठाला आकडा लावून मासा कधीही टांगू नये. गळ खोल गिळला असेल तर ओढाओढ न करता तोंडाजवळ तंगूस कापा. सोडताना पाण्यात सरळ धरा, तो स्वतः निसटेपर्यंत. शिंगाडा माशाच्या छातीच्या आणि पाठीच्या काट्यांपासून बोटं जपा. परदेशी मांगूर मिळाला तर तो मात्र परत पाण्यात सोडू नका, त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे.

निघताना तंगुसाचा तुकडान्‌तुकडा वेचून बोटभर तुकडे करा आणि घरी न्या. हिवाळ्यात याच उथळ पाण्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात, आणि पायात अडकलेला तंगूस त्यांना सोडवता येत नाही.