लूपच्या सांध्याला मोटर बसवताना

कोकणातल्या माणसाला ‘क्रॉसिंग’ समजावून सांगावं लागत नाही. रोहा ते वीर हा पट्टा सोडला तर कोकण रेल्वे बहुतेक एकेरीच आहे. समोरून गाडी यायची असली की आपली लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहते. वेंगुर्ल्यात माझ्या पडवीतल्या टेबलावर मॉडेल रेल्वेत मी तेच उभं केलंय: एक मेन लाइन, एक लूप आणि दोन टोकांना दोन सांधे, म्हणजे गाडीची वाट बदलणारे रूळ. खरे रूळ 1676 मिलीमीटर अंतराचे, माझे एचओ स्केलचे, म्हणजे खऱ्याच्या 87व्या हिश्शाच्या मापाचे, साडेसोळा मिलीमीटरचे. पंखे आणि पंप रिवाइंड करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, त्यामुळे सांधा फिरवणाऱ्या मोटरचं मला काही वाटलं नाही. पहिल्या पावसाळ्यात छळलं ते फ्रॉगने. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

फ्रॉग म्हणजे दोन वाटांचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो व्ही आकाराचा तुकडा. मॉडेलच्या इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. फ्रॉग धातूचा असला तर त्याला ती पात्यांतून, म्हणजे वाट बदलायला सरकणाऱ्या टोकदार रुळांतून मिळते. पातं ज्या रुळाला टेकलं, त्या रुळाची वीज फ्रॉगला. मे महिन्यात सगळं झकास चाललं. आषाढात इंजिन बरोबर फ्रॉगवर येऊन मरायला लागलं. भिंग लावून पाहिलं, तर पात्याच्या टोकाला आतल्या बाजूने, जिथे ते रुळाला टेकतं तिथेच, काळपट थर धरलेला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, चार दिवसांत पुन्हा हजर. समुद्र पंधरा मिनिटांवर आहे, हवेत मीठ असणारच. रूळ निकेल सिल्व्हरचे म्हणून गंजले नाहीत एवढंच. पोलादी रूळ इकडे घेऊच नका. तेव्हापासून माझा नियम ठरला: पात्यांनी फक्त वाट बदलायची, वीज तारेने पोचवायची.

हे काम सांधा बोर्डावर बसवण्याआधी करायचं. सांधा उलटा करा. बऱ्याच सांध्यांत पाती आणि फ्रॉग यांना जोडणाऱ्या दोन बारीक तारा खालून दिसतात, त्या कापा. आता प्रत्येक पातं त्याच्या शेजारच्या मुख्य रुळाला, म्हणजे बाहेरच्या न हलणाऱ्या रुळाला, तारेच्या तुकड्याने सोल्डर करा. फ्रॉगला वेगळी तार सोल्डर करून खाली सोडा. सोल्डरिंग आयर्न चांगला गरम करून दोन सेकंदांत काम आटपा, नाहीतर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. फ्रॉगपासून पुढे निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना धातूची नाही, प्लॅस्टिकची जोडपट्टी लावा. लूपमध्ये दोन फ्रॉग समोरासमोर असतात. ही पट्टी विसरलात तर शॉर्ट झालाच म्हणून समजा.

मोटर कोणती? दोन कॉइलची सोलेनॉइड मोटर स्वस्त आणि दणकट, पण ती क्षणभराच्या झटक्यावर चालते. तिला पुश बटन आणि साठवलेली वीज एका झटक्यात सोडणारं कपॅसिटर डिस्चार्ज युनिट लागतं. भाच्याने तिला साधा टॉगल, म्हणजे दांडीचा स्विच लावला आणि चालू ठेवून चहाला गेला. परत येईपर्यंत जळक्या वॉर्निशचा वास घरभर. मी स्वतः संथ चालीची मोटर वापरतो, टॉर्टोइज जातीची. 12 व्होल्ट डीसी, दोन-तीन सेकंदांत पाती हळूच सरकवते आणि शेवटी वीज चालू असतानाच दाबून धरते. तेव्हाही ती जेमतेम 15-16 मिलिअँपिअर घेते, त्यामुळे जळत नाही. पाती हळू सरकताना बघायला मला आजही आवडतं. ही मोटर लावणार असाल तर सांध्यातली टकटक करणारी बारीक स्प्रिंग आधी काढून टाका, ती मोटरशी झगडते.

दोन पाती एकमेकांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या बरोबर खाली बोर्डाला 10 मिलीमीटरचं भोक पाडा. मोटर बोर्डाखाली बसते आणि तिची तार या भोकातून वर येऊन पट्टी हलवते. भोकाच्या कडेला वॉर्निशचे दोन हात द्या, नाहीतर प्लाय पाणी ओढून फुगतो आणि तार अडकते. आता मोटर मधोमध बसवायची युक्ती. हिराच्या झाडूची काडी घ्या, तिच्या बारीक टोकाचे दोन तुकडे करा आणि दोन्ही पात्यांच्या फटीत एकेक अडकवा. पाती आपोआप मध्यावर थांबतात. मोटरचा दांडाही मध्यावर आणून खालून आधी दुहेरी टेपने चिकटवा, चालवून बघा, मगच स्क्रू मारा. 18 मिलीमीटरचा प्लाय असेल तर सोबत आलेली तार वाकते आणि पातं रुळाला नीट टेकत नाही. तिथे 1 मिलीमीटरची पियानो वायर घाला. दाब कमी-जास्त करायला मोटरवरचा टेकू वर-खाली सरकवा.

वायरिंग. सहा पायांचा डीपीडीटी टॉगल घ्या, तो प्लस-मायनस उलटवून मोटर दोन्ही दिशांना फिरवतो. मधले दोन पाय मोटरला, एका टोकाचे दोन 12 व्होल्टच्या प्लस-मायनसला, दुसऱ्या टोकाचे दोन पहिल्यांना तिरपे, म्हणजे फुलीसारखे जोडायचे. लूपच्या दोन्ही मोटरी एकाच टॉगलवर समांतर जोडल्या की दोन्ही सांधे एकदम फिरतात. एखादी उलट फिरली तर तिच्या दोन वायरी अदलाबदल करा.

मोटरच्या आत तिच्याबरोबरच फिरणारा जोड स्विच असतो, तोच खरा कामाचा. त्याचा कॉमन (सामाईक) पाय फ्रॉगच्या तारेला, बाकीचे दोन पाय दोन मुख्य रुळांना. रुळांना वीज देण्याआधी मल्टीमीटर बीपवर (कंटिन्युइटी) ठेवून लावा. पातं ज्या मुख्य रुळाला टेकलंय त्याच्याशी फ्रॉग बीप द्यायला हवा, दुसऱ्याशी नाही. उलटं आलं तर ते दोन पाय बदला. दोन्ही बाजूंना सांधा फिरवून तपासा.

खडी शेवटी. पात्यांच्या आसपास पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने टाकू नका, तो भोकातून थेट मोटरवर गळतो. तिथे मी खडीचे दाणे टूथपिकने एकेक चिकटवतो, आणि सुकेपर्यंत दर दहा मिनिटांनी टॉगल मारत राहतो.