देवमाशांच्या शिकारीला निघण्यापूर्वी : न्यू बेडफर्डच्या धक्क्यावरची तयारी (1850 च्या आसपास)

सफर तीन-चार वर्षांची आहे, हे आधी मनात पक्कं धरावं. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डहून सुटलेलं जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिकमध्ये उतरणार आणि देवमाशाचं तेल पोटभर घेतल्याशिवाय घराकडे वळणार नाही. जहाज म्हणजे इथे कारखानाच. शिकार, कसाईकाम, तेल कढवणं, भरणं, साठवणं, सगळं त्याच्यावरच.

म्हणून पहिली नजर पिंपांवर. बॅरल हे तेलाचं माप, 31.5 गॅलनचं, पिंपं मात्र लहानमोठी असतात आणि मोठ्या जहाजाला दोन हजारांहून जास्त बॅरल तेल बसेल एवढी लागतात. ती रिकामी नेऊन जागा अडवू नये. काहींत गोडं पाणी, काहींत खारवलेलं मांस, पीठ, कडक बिस्किटं, जादा शिडं, कपडे. खाणंपिणं संपत जाईल तसतशी तेलाला पिंपं मोकळी होतील. उरलेल्यांच्या फळ्या गठ्ठे बांधून घ्याव्यात, लोखंडी कड्या मोजून घ्याव्यात. पिंपं बांधणारा कारागीर चांगला मिळाला नसेल तर आठवडाभर थांबावं, पण मिळेल त्याला घेऊन निघू नये. तळात रचलेल्या पिंपांवर वरचेवर समुद्राचं पाणी सोडावं लागतं. लाकूड सुकलं की फटी पडतात आणि वर्षाची कमाई तळात झिरपून जाते.

खाण्याचं फार लांबवत नाही. गोमांस, डुकराचं मांस, वाटाणे, काकवी, कॉफी. बटाटे आणि कांदे जमतील तेवढे घ्यावेत, कारण ताजं संपलं की हिरड्या सुजतात, स्कर्व्हीचा आजार चढतो. बेटांवर देवघेवीसाठी कापड आणि तंबाखू ठेवावा. पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांवरची महाकाय कासवं जहाजं जिवंतच उचलून तळात ठेवतात. ती महिनोन्‌महिने अन्नपाण्याविना तग धरतात, म्हणून खलाशांना सोयीची वाटतात. त्या सोयीने काही बेटांवरची कासवं संपवली. मला या यादीतली ही ओळ वाचवत नाही.

होड्यांपाशी मात्र सावकाश थांबावं. एकेक होडी अठ्ठावीस-तीस फुटांची, दोन्ही टोकांना निमुळती, वजनाला हलकी, सहा माणसांची. तिच्यातला दोर सगळ्यात महत्त्वाचा. साधारण तीनशे फॅदम, म्हणजे 1,800 फूट दोर टबात वेटोळं घालून ठेवायचा. हे काम नवख्याकडे देऊ नये आणि घाईत उरकू नये. देवमासा खोल बुडी मारतो तेव्हा दोर इतक्या वेगाने सुटतो की मागच्या खुंटाभोवती घासून धूर निघतो आणि वर पाणी ओतावं लागतं. एका पिळात हात अडकला तर हात जातो, नाही तर माणूसच जातो. दोर तोडायची कुऱ्हाड हाताशी आहे का, हे अंधारात चाचपून बघावं.

हार्पून म्हणजे दोर बांधलेला, फेकून रुतवायचा भाला. त्याने देवमासा मरत नाही, तो फक्त दोराला बांधला जातो. मारायला लांब भाला वेगळा. हार्पून घेताना टेंपल पद्धतीचे घ्यावेत. न्यू बेडफर्डमधले कृष्णवर्णीय लोहार लुईस टेंपल यांनी 1848 मध्ये टोक आत गेल्यावर आडवं वळेल असा हार्पून घडवला, त्यामुळे तो निसटणं कमी झालं. त्यांनी पेटंट घेतलं नाही. दुसऱ्यांनी उचलून तसेच बनवले. प्रत्येक होडीत पाण्याचं पीप, बिस्किटं, होकायंत्र, कंदील, पाणी उपसायचं भांडं असावंच. नॅन्टकेटचं एसेक्स जहाज 1820 मध्ये स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या धडकेने बुडालं आणि वीस माणसं होड्यांवर आली. त्यातली आठच परतली.

आता डेकवरची भट्टी. विटांचं चुलाण, त्यात दोन मोठ्या लोखंडी काहिली. आपल्याकडचं गुऱ्हाळ पाहिलेल्याला ती लगेच कळेल. तिथे चिपाडावर रस आटतो, इथे आधी लाकूड लावायचं आणि मग कढलेल्या चरबीचा उरलेला चोथाच जाळायचा. देवमाशाचं तेल त्याच्याच चरबीच्या जाळावर निघतं. भट्टीखालची पाण्याची उथळ टाकी कोरडी पडू देऊ नये, नाही तर लाकडी डेक पेटेल. चरबी कापायच्या लांब दांड्याच्या धारदार फावड्यांना धार लावून ठेवावी, धारेचा दगड जादा घ्यावा. विटा मात्र दर सफरीला नव्या घ्याव्या लागतात. घरी परतताना भट्टी फोडून समुद्रात टाकायची रीत आहे.

राहिला नवखा पोरगा. त्याच्या पेटीत लोकरीचे सदरे, मेणकापडाचा अंगरखा, सुरी, टिनचं ताट, सुईदोरा, गवताची गादी. ही पेटी बहुधा उधारीवर भरलेली असते आणि पैसे व्याजासकट त्याच्या खात्यावर चढतात. पुढे जहाजावरच्या पेटाऱ्यातून घेतलेला तंबाखू, पँट, सगळं त्याच खात्यावर. पगार नाही, सफरीच्या कमाईत हिस्सा आहे. कप्तानाला साधारण पंधरावा हिस्सा, नवख्याला पावणेदोनशेवा किंवा दोनशेवा. हे आकडे ऐकून काही जण मोठा तो जास्त असं समजून सही करतात. तुमच्या ओळखीचा पोरगा असेल तर धक्क्यावर त्याला बाजूला घ्या, कागद वाचून दाखवा आणि उधारीचा आकडा त्याच्याच हाताने वहीत लिहून घ्या. चार वर्षांनी देणं वजा होऊन हातात काहीच न उरलेले, उलट देणेकरीच ठरलेले खलाशी याच धक्क्यावर उतरले आहेत.