ब्रेगेन्झला ऑपेरा पाहायला जाताय? छत्री नको, रेनकोट घ्या

जुलै-ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडला जाणार असाल, तर झ्युरिकहून रेल्वेने साधारण दीड तासावर ऑस्ट्रियातलं ब्रेगेन्झ आहे. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी बसून पाण्यावर उभारलेल्या प्रचंड रंगमंचावरचा ऑपेरा पाहायचा, असा हा महोत्सव. १९४६ मध्ये दोन बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू बोटींवर, सुरू झाला. आता समोर सुमारे ७,००० प्रेक्षक बसतात.

अडचण पावसाची. रिमझिम आली म्हणून खेळ थांबत नाही, आणि छत्री उघडू देत नाहीत, कारण मागच्याला काही दिसत नाही. म्हणून टोपीवाला रेनकोट हवाच. आपल्याकडे त्या दिवसांत तो पिशवीत असतोच म्हणा! वाऱ्यापासून बचाव करणारं जाकीट आणि बुडाखाली घ्यायला काहीतरी जलरोधक हेही बरोबर ठेवा. खेळ रात्री नऊच्या सुमारास सुरू होतो, अंधारात सरोवरावरून गार वारा येतो आणि मध्यंतर सहसा नसतं. तेव्हा खाणं-पिणं, स्वच्छतागृह आधीच उरकून घ्या.

तिकीट काढताना पावसाचे नियम वाचाच. वरच्या श्रेणीच्या काही तिकिटांवर खेळ बाहेर होऊ शकला नाही, तर शेजारच्या नाट्यगृहात जागा मिळते. स्वस्त तिकिटांना ती सोय नाही. माझ्या मते एकदाच जाणार असाल तर जास्तीचे पैसे मोजावेत. परतीची शेवटची गाडी मात्र आधी बघून ठेवा, नाहीतर सरळ तिथेच मुक्काम करा.